अठरा हजार आठशे रुपये कशाचे? ज्येष्ठांच्या संकुलातील चौदा महिन्यांचा जमाखर्च

आमचे डोंबिवलीचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. १९८६ साली घर घेतले तेव्हा स्टेशन किती मिनिटांवर आणि पाणी किती तास, एवढेच प्रश्न आम्ही विचारले होते. चोपन्न पायऱ्या आहेत हे मला फार उशिरा कळले, कारण माझ्या पतींना पार्किन्सन्सचे निदान झाल्यावर मी त्या पहिल्यांदा मोजल्या. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत पहाटे तीन वाजता त्यांना रुग्णालयात न्यावे लागले, तेव्हा शेजारच्या चौघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली उतरवले. त्या चौघांपैकी दोघे स्वतः पासष्टीच्या पुढचे होते आणि दुसऱ्या मजल्यावर खुर्ची टेकवून एकाला दम खावा लागला. त्या जिन्यातच माझा निर्णय झाला होता, घरात तो सांगायला पुढे पाच महिने लागले.

पुण्याच्या आसपास ज्येष्ठांसाठीची वेगळी संकुले गेली वीस-पंचवीस वर्षे उभी राहात आहेत. तळेगावापासून पौड रस्त्यापर्यंत आम्ही पाच ठिकाणे पाहिली आणि शेवटी पिरंगुटच्या बाजूचे एक संकुल निवडले. त्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. तक्रारीही लिहायच्या आहेत आणि राहायचेही येथेच आहे. चार मजल्यांच्या तीन इमारती, एकशे चाळीसच्या आसपास सदनिका, एक भोजनगृह, रात्री परिचारिका असलेला दवाखाना आणि एका फेरीला साधारण साडेतीनशे मीटर भरणारी चालण्याची वाट, असा येथील पसारा आहे.

मी महालेखापाल कार्यालयात चौतीस वर्षे काढली, त्यामुळे आधी हिशेब मांडते. डोंबिवलीत असताना ब्यूरोकडून येणाऱ्या बारा तासांच्या बाईंना दरमहा २७,०००, स्वयंपाकाच्या बाईंना ४,५००, धुणे-भांडी व केर-फरशीला २,५०० आणि किराणा, भाजी व गॅस मिळून ११,००० रुपये लागत, म्हणजे एकूण ४५,००० रुपये. येथे दोघांचे सेवाशुल्क, पतींच्या अंघोळीसाठी रोज मिळणारी मदत आणि दोन वेळचे जेवण मिळून करासह मासिक बिल ४८,८०० रुपये येते. संकुलाचा विक्री विभाग येथेच थांबतो आणि फरक फक्त ३,८०० रुपयांचा आहे, असे हसतमुखाने सांगतो. परंतु प्रवेशाच्या वेळी आम्ही २० लाख रुपये अनामत ठेवली आहे. सात टक्के धरले तरी तिचे बुडालेले व्याज महिन्याला सुमारे ११,७०० रुपये होते, शिवाय अनामतीतून दरवर्षी दोन टक्के कपात होते, ती महिन्याला ३,३०० रुपये पडते. डोंबिवलीचे घर आम्ही पहिले वर्षभर कुलूप लावून ठेवले होते, त्यामुळे भाड्याचे उत्पन्न धरलेले नाही आणि तेथील सोसायटीचे शुल्क दोन्ही बाजूंना सारखेच असल्याने तेही सोडले आहे. अशा रीतीने खरा खर्च ६३,८०० रुपये होतो आणि फरक १८,८०० रुपयांचा. एवढे जास्तीचे पैसे दरमहा आपण कशासाठी मोजतो, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर मी येथे लिहिणार आहे. बाग, ग्रंथालय, योगवर्ग, तरणतलाव यांची माहिती छापील पत्रकात रंगीत चित्रांसह आहे. तरणतलावात मी या चौदा महिन्यांत पाणी पाहिले, माणूस पाहिला नाही.

पहिले उत्तर लाकडाच्या एका चकतीचे आहे. प्रत्येक सदनिकेच्या दाराच्या कडीला बाहेरून एक चकती टांगलेली असते, तिची एक बाजू हिरवी आणि दुसरी पिवळी. रात्री झोपण्यापूर्वी पिवळी बाजू वर करायची आणि सकाळी साडेआठच्या आत ती फिरवून हिरवी करायची. साडेआठला मजल्यावरची मुलगी फेरी मारते, पिवळी चकती दिसली की आधी दूरध्वनी करते, तो उचलला नाही तर घंटा वाजवते आणि तिलाही उत्तर आले नाही तर पर्यवेक्षक किल्ली घेऊन येतात. पहिल्या आठवड्यात मला हा प्रकार शाळेतल्या हजेरीसारखा वाटला आणि रागही आला. दुसऱ्या आठवड्यात मी चकती न फिरवता बँकेच्या कामासाठी बसने निघून गेले, फोन पिशवीच्या तळाशी राहिला, हे अंघोळीला गेले होते, आणि पर्यवेक्षक दार उघडून आत आले तेव्हा हे पंचा गुंडाळून बाहेर येत होते. दोघांनीही एकमेकांची क्षमा मागितली. मी संध्याकाळी कार्यालयात जाऊन भांडण्याच्या तयारीने उभी राहिले आणि बोलता बोलताच लक्षात आले की डोंबिवलीत आम्ही दोघेही घरात निपचित पडलो असतो, तर ते प्रथम दूधवाल्याच्या लक्षात आले असते आणि दूध आम्ही एक दिवसाआड घेत होतो. मुलगी नाशिकला असते. तिच्या सासूबाई गेली तीन वर्षे अंथरुणाला खिळलेल्या आहेत, त्यामुळे तिला रोज सकाळी फोन करून ‘उठलात का’ विचारायला लावणे मला कधीच योग्य वाटले नाही. आता तो प्रश्न चकती विचारते आणि मुलीचा फोन येतो तेव्हा आम्ही नातवाच्या दहावीविषयी बोलतो.

दुसरी गोष्ट न्हाणीघरातील दोरीची. कमोडजवळ आणि शॉवरजवळ भिंतीला पोलादी दांडे आहेत, फरशी खरबरीत आहे, बसून अंघोळ करण्यासाठी भिंतीत दुमडणारे आसन आहे आणि मदत बोलावण्यासाठी लाल दोरी आहे. हे सगळे पाहून आम्ही समाधानाने मान हलवली होती. राहायला आल्यावर मी सवयीने टेप घेऊन मोजमापे घेतली, तेव्हा दोरीचे टोक फरशीपासून नव्वद सेंटीमीटरवर होते. उभ्या माणसाला ती सहज ओढता येते, परंतु उभ्या माणसाला ती ओढण्याचे कारण फारसे पडत नाही. पडलेल्या माणसाचा हात तेथे पोहोचत नाही. मी अर्ज दिला, स्मरणपत्र दिले, शेवटी निवासी समितीच्या बैठकीत खुर्चीवरून उठून प्रत्यक्ष फरशीवर बसून हात वर करून दाखवला. (एकाहत्तराव्या वर्षी खाली बसणे सोपे असते, उठवायला मात्र दोघी लागल्या.) त्यानंतर पंधरवड्यात तिन्ही इमारतींतल्या दोऱ्यांना नायलॉनचा तुकडा जोडून टोकाला लाकडी मणी बांधण्यात आला. कोणतेही संकुल पाहायला जाल तेव्हा बागेच्या आधी न्हाणीघरात जा आणि ही दोरी जमिनीपर्यंत येते का ते बघा.

ती दोरी आम्हाला ऑगस्टमध्ये लागली. रात्री सव्वादोन वाजता हे न्हाणीघरात पडले आणि मणी ओढला. मी जागी होऊन चष्मा शोधत होते तोवर दारावर परिचारिका उभी होती. नंतर मी नोंदवही पाहिली, घंटा वाजल्यापासून चौथ्या मिनिटाला ती आली होती. तिने त्यांना घाईने उठवले नाही. आधी नाव आणि वार विचारला, पाय हलवायला सांगितले, कमरेखाली चादर सरकवली आणि मग दुसऱ्या मदतनीसाच्या साहाय्याने त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवले. डोंबिवलीत मी त्यांना काखेत हात घालून ओढले असते. यानंतरचा भाग मात्र वाईट होता. पत्रकात ‘चोवीस तास रुग्णवाहिका’ असे ठळक छापले आहे आणि रुग्णवाहिका चोवीस तास उभी असते हे खरेच आहे, परंतु तिचा चालक त्या रात्री गावात आपल्या घरी झोपला होता आणि त्याला यायला पंचवीस मिनिटे लागली. सुदैवाने हाड मोडलेले नव्हते, कपाळाला चार टाके पडले. दुसऱ्या दिवशी मी लेखी तक्रार केली आणि तिला इतर एकोणीस निवाशांच्या सह्या जोडल्या. आता रात्रपाळीचा चालक फाटकाजवळच्या खोलीत झोपतो आणि त्याची सही असलेले रजिस्टर मी महिन्यातून एकदा बघते. कार्यालयातील मंडळींना हे फारसे आवडत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते. हे रुग्णालय नाही. डॉक्टर सकाळी दहा ते एक असतात, रात्री फक्त परिचारिका असते आणि मोठे रुग्णालय गाठायचे तर चांदणी चौक ओलांडून कोथरूडपर्यंत जावे लागते, ज्याला संध्याकाळच्या गर्दीत तासही लागू शकतो. ज्यांना वारंवार तज्ज्ञांची गरज पडते त्यांनी डोंगर दिसणाऱ्या गॅलरीला भुलू नये.

नातेवाइकांमध्ये आमच्या निर्णयाची चर्चा ‘वृद्धाश्रम’ या एकाच शब्दात आटोपली. एका नातलग बाईंनी तर ‘मुलीने नाही का ठेवून घेतले?’ असे सरळ विचारले. तो शब्द ऐकला की निराधारांची सोय डोळ्यांपुढे येते. महाराष्ट्र शासनाने १९९५ साली मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आणली, तिचे काम वेगळे आणि गरजेचे आहे. आम्ही येथे करार करून, पैसे मोजून, आपल्या दाराची किल्ली आपल्या कमरेला ठेवून राहतो आणि सेवा आवडली नाही तर तीन महिन्यांच्या नोटिशीने जाऊ शकतो. मुलीने ठेवून घेतले असते, यात मला शंका नाही. मग तिच्या घरी दोन आजारी माणसे आणि त्यांच्यामागे एकटी ती, असे झाले असते.

सोबतीचा फायदा मी सर्वात शेवटी धरला होता, तो यादीत बराच वर सरकला. पार्किन्सन्समुळे यांचा आवाज हळूहळू बारीक झाला आहे. डोंबिवलीत लोक बोलायला येत, दोन-तीनदा ‘काय म्हणालात?’ विचारत आणि मग माझ्याशीच बोलू लागत. हे गप्प बसत. येथे दुसऱ्या इमारतीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात, त्यांना जवळजवळ ऐकूच येत नाही. एकाचे बोलणे ऐकू जात नाही आणि दुसऱ्याला कोणाचेच ऐकू येत नाही, त्यामुळे दोघांचे बुद्धिबळ अत्यंत शांततेत चालते. रोज चार ते सहा, चहा पटापासून दूर ठेवून, कारण यांच्या हाताच्या कंपाने एकदा वजीर आणि चहा दोन्ही सांडले होते. मोहरे उचलताना हात थरथरला तर समोरचे गृहस्थ घाई करत नाहीत, पटावरून नजरही उचलत नाहीत. हे संध्याकाळी खोलीत परत येतात तेव्हा मला डाव सांगतात, तोही त्याच बारीक आवाजात, पण सांगतात. ही गोष्ट पत्रकात छापता येणार नाही, आणि माझ्या हिशेबात त्या १८,८०० पैकी बरीच रक्कम येथे खर्ची पडते.

याची दुसरी बाजू अशी की येथे सगळे आमच्याच वयाचे आहेत. क्रिकेटचा चेंडू गॅलरीत येत नाही, जिन्यात कोणी धावत नाही आणि परीक्षेच्या दिवसांत पाढे ऐकू येत नाहीत. मे महिन्यात नातवंडे येतात, तेव्हा भोजनगृहातला गलका ऐकून काही जण कुरकुरतात आणि तीच मंडळी जूनमध्ये उदास होतात. पाहुण्यांना वर्षातून दहाच रात्री विनामूल्य राहता येते, त्यापुढे अतिथिकक्षाचे १,२०० रुपये रात्री मोजावे लागतात. हा नियम मला कद्रूपणाचा वाटतो. कर्मचारी वागायला चांगले आहेत, फक्त दिसेल त्या बाईला ‘आजी’ म्हणण्याची सवय त्यांना कोणीतरी प्रशिक्षणात लावली आहे. मजल्यावरच्या मुलीला मी पहिल्याच दिवशी सांगितले की मला बाई म्हण किंवा काकू म्हण, आजी म्हणायला नाशिकला एक जण आहे.

जेवणाविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्याविषयी सविस्तर लिहिण्यासारखे काही नाही. आमटी बरी असते, भाज्यांत मीठ कमी असते ते वैद्यकीय सल्ल्याने, पोळ्या मात्र यंत्राच्या असून सव्वाबाराला मऊ आणि एकला पापडासारख्या होतात. एकादशीला उपासाचे वेगळे ताट आणि चातुर्मासात कांदा-लसूण नसलेली एक भाजी नियमाने मिळते. सामिष अन्न भोजनगृहात चालत नाही. मालवणकडचे एक जोडपे बुधवारी आणि रविवारी आपल्या खोलीतल्या शेगडीवर मासे करते आणि त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर जाणाऱ्यांची संख्या वाढते. रात्रीचे जेवण सव्वासातला असते. ज्यांनी आयुष्यभर लोकलने घरी येऊन साडेनऊला पाने वाढली, त्यांच्या पोटाला हे वेळापत्रक कळायला महिना लागतो.

येथे घरांना उंबरा नाही, आणि तो नसणे हीच सोय आहे, कारण पाय घासत चालणाऱ्या माणसाला अर्ध्या इंचाचा उंचवटाही पाडतो. परंतु पहिल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी हळदकुंकवाची कोयरी घेऊन दारात उभी राहिले आणि ते वाहायचे कोठे हेच कळेना. समोरच्या खोलीतील बाईंनी हसून आपल्या दारातली फरशी दाखवली. त्यांनी तेथे उंबऱ्याच्या मापाची, लाकडाच्या रंगाची चिकटपट्टी लावली होती, अगदी सपाट. आता आमच्या मजल्यावर नऊ दारांना असे उंबरे आहेत.

एक विषय टाळून पुढे जाता येणार नाही. या चौदा महिन्यांत येथील चार जण गेले. पूर्वी व्यवस्थापनाची पद्धत अशी होती की शववाहिका मागच्या फाटकाने येई आणि कोणाला काही सांगितले जात नसे, दोन दिवसांनी भोजनगृहातली एक खुर्ची कमी झालेली दिसे. इतरांच्या मनावर परिणाम होऊ नये, हे त्यामागचे कारण सांगितले गेले. परिणाम उलटाच होत होता, कारण एखादी व्यक्ती मुलाकडे गेली आहे की गेली आहे, हे विचारण्याची चोरी झाली होती. निवासी समितीने हा विषय लावून धरला. आता सूचनाफलकावर छायाचित्र, नाव आणि झेंडूची माळ लागते आणि ज्यांना जायचे ते पुढच्या फाटकाशी येऊन उभे राहतात. बुद्धिबळाच्या टेबलाशेजारी बसणारे एक काका फेब्रुवारीत गेले, तेव्हा हे आणि रेल्वेचे गृहस्थ दोघेही हातात हात धरून फाटकापर्यंत चालत गेले. त्या दिवशी डाव मांडला नाही.

करारनाम्याकडे आता वळते, कारण बहुतेक लोक तो शेवटच्या पानावर सही करण्यापुरता उघडतात. आमच्या करारात तीन कलमे डोळ्यांत तेल घालून वाचावी लागली. पहिले, वार्षिक वाढ ‘वेळोवेळी ठरेल त्याप्रमाणे’ असे होते, ते आम्ही ‘आठ टक्क्यांपेक्षा अधिक नाही’ असे करून घेतले. दुसरे, दोघांपैकी एक गेल्यास उरलेल्याचे शुल्क किती कमी होणार, याविषयी मसुदा मौन होता. ते लिहून मागताना माझी जीभ जड झाली, समोरच्या तरुण अधिकाऱ्याची तर मान खाली गेली, पण ते लिहून घेतले. तिसरे कलम सर्वांत महत्त्वाचे. निवासी अंथरुणाला खिळल्यास किंवा स्मृतिभ्रंश वाढल्यास व्यवस्थापन ‘योग्य तो निर्णय घेईल’ असे त्यात म्हटले होते. योग्य निर्णय म्हणजे खोली सोडायला सांगणे, असाही त्याचा अर्थ होऊ शकतो. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर आमच्या करारात ‘संकुलातीलच शुश्रूषा विभागात जागा देण्यात येईल, त्याचे दर जोडपत्रात दिल्याप्रमाणे’ अशी ओळ आली. आधी आलेल्या अनेकांच्या करारात ती नाही. केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने निवृत्तांच्या गृहप्रकल्पांसाठी २०१९ साली आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत, ती सही करण्यापूर्वी शेजारी ठेवून वाचावीत.

गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या महारेरा या राज्याच्या प्राधिकरणानेही २०२४ साली ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी अशीच तत्त्वे प्रसिद्ध केली आणि त्यांत दरवाजांची मोकळी रुंदी किमान ९०० मिलिमीटर असावी असे म्हटले आहे. आमची इमारत त्याआधीची आहे. खोलीचे दार नियमात बसते, न्हाणीघराचे दार ७५० मिलिमीटर भरले. यांची चाकांची खुर्ची एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत ६४० मिलिमीटर आहे, म्हणजे ती आत जाते, मात्र चाकावर ठेवलेल्या हाताची बोटे दोन्ही बाजूंना चौकटीला घासतात. अजून ते बहुतेक दिवस काठी घेऊन चालतात, खुर्ची फक्त संध्याकाळी थकवा आल्यावर लागते.

पुढच्या महिन्यात आमची आठ टक्के वाढ लागू होईल आणि मासिक बिल ५२,७०० रुपयांच्या आसपास जाईल. डोंबिवलीच्या घराचे कुलूप आम्ही काढले आहे, गेल्या महिन्यात ते भाड्याने दिले. भाडेकरू तरुण आहेत, तिसरा मजला आहे म्हणून भाडे थोडे कमी करून मागत होते, ते मी केले. न्हाणीघराचे दार रुंद करण्याचा माझा अर्ज मार्चपासून कार्यालयात पडून आहे आणि काल त्याला तिसरे स्मरणपत्र जोडले. त्यासोबत चौकटीचे आणि यांच्या उजव्या हाताच्या बोटांचे छायाचित्र आहे.